सेट लावणाऱ्यांचं लाइफ ‘सेट’ होतं का?

पुण्यात पैसा जास्त, नांदेड-लातुरात खर्च कमी! मग गावाकडे राहूनच स्टेज, सेट आणि स्टॉल डिझाईन करायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. फक्त पहिलं काम घेण्याआधी हा हिशेब एकदा वाचा...

लग्नाच्या हॉलमध्ये शिरलात की तुमची पहिली नजर कुठे जाते? नवरीच्या शालूवर? पनीरच्या काउंटरवर? खरं सांगा, ती जाते स्टेजवर! मागे छान चुण्यांचं कापड सोडलंय की नुसतीच प्लॅस्टिकची फुलं डकवलीत, लाइट तोंडावर येतोय की डोळ्यांत घुसतोय, यावरच तर अल्बमचं नशीब ठरतं. पण हे स्टेज कुणाच्या डोक्यातून निघालं, असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं आहे, ‘‘मंडपवाल्यानं लावलंय की!’’

गणपतीच्या देखाव्याचं तेच. कॉलेजच्या गॅदरिंगचं तेच, कृषी प्रदर्शनातल्या ट्रॅक्टर कंपनीच्या स्टॉलचंही तेच. राज्य नाट्य स्पर्धेत पडदा उघडताक्षणी टाळी घेणारा वाडासुद्धा कुणीतरी आधी कागदावर काढलेला असतो, मापं घेतलेली असतात, टेम्पोत काय मावेल याचा विचार केलेला असतो. इंग्रजीत या कामाला ऐटदार नाव आहे, ‘सेट अँड एक्झिबिट डिझायनर’. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं या नावाखाली दरवर्षी राज्यवार कमाई छापतं. तिथला एखादा पोरगा तो आकडा घेतो, शेजारी घरभाडं मांडतो आणि ठरवतो, इथंच राहायचं की बॅग भरायची. आपल्याकडे ‘पीएलएफएस’ नावाचा मोठा सरकारी सर्व्हे होतो, त्यात रोजगाराचे ढीगभर तक्ते असतात. पण ‘नांदेडचा सेट डिझायनर महिन्याला काय कमावतो’ असा रकाना त्यात सापडत नाही. तेव्हा हिशेब आपणच मांडू या.

नांदेड ‘वाय’, लातूर ‘झेड’

राहण्याचा खर्च कुठे किती, याची एक ढोबळ तुलना सरकारनं आधीच करून ठेवलीय. केंद्र सरकारी नोकरांचा घरभाडे भत्ता! सातव्या वेतन आयोगात शहरांचे तीन गट आहेत. ५० लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येची ‘एक्स’, ५ ते ५० लाखांची ‘वाय’ आणि त्याखालची ‘झेड’. पुणे एक्समध्ये बसतं. नांदेड-वाघाळा २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांवर गेलं आणि वायमध्ये आलं. लातूर चार लाखांच्या आत राहिलं, म्हणून झेड. जानेवारी २०२४ पासून या भत्त्याचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे ३५,४०० रुपये मूळ पगाराच्या रेल्वेवाल्याला पुण्यात घरभाड्यापोटी १०,६२० रुपये, नांदेडला ७,०८० आणि लातूरला ३,५४०. पुण्याच्या बरोबर एक तृतीयांश!

हे वाचून ट्यूशन एरियात खोली शोधून दमलेला लातूरकर हसेल. कारण ही वर्गवारी डोकी मोजून होते, भाडं मोजून होत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांतून पोरं इथं येतात. खोली, मेस, डबा या सगळ्यासाठी एकट्या राहणाऱ्या तरुण डिझायनरची स्पर्धा असते ती नीटची तयारी करणाऱ्या पोरांशी आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या बापाच्या खिशाशी! तरीही पुण्यापेक्षा इथं राहणं स्वस्त, यात वादच नाही. भाडं कमी, अंतरं कमी. आणि घर स्वतःचं असेल तर भाड्याचा प्रश्नच मिटला.

थोडक्यात, खर्चाची बाजू आपल्याला जमली. घोडं अडतं ते दुसऱ्या बाजूला.

पण पगार कुठाय, बॉस?

या दोन शहरांत सेट डिझाईनचं काम येतं ते बहुतेक चार दारांनी. मंडप-डेकोरेशनवाले, इव्हेंटवाले, फ्लेक्स आणि साइनबोर्डची दुकानं, आणि नाटक. यातल्या मंडपवाल्याचा धंदा नीट समजून घ्या, कारण बाकीच्यांचे दरही बरेचसे त्याच्याकडे बघूनच ठरतात. त्याची कमाई आहे भाड्याची. पाइप, कनात, सोफा, कार्पेट, झुंबर हे सगळं त्यानं एकदाच विकत घेतलेलं असतं आणि सीझनभर तेच फिरत राहतं. आज या लॉन्सवर लाल पडदा, परवा त्या मंगल कार्यालयात तोच पडदा. त्याच्या दृष्टीनं डिझाईन म्हणजे गोडाऊनमध्ये जे आहे ते छान दिसेल असं लावणं. त्यामुळे त्याच्या बिलात स्टेज असतं, लाइट असतं, जनरेटर असतो, मजुरी असते. डिझाईन नावाची ओळच नसते!

यात त्याची लबाडी आहे, असं मला वाटत नाही. जी गोष्ट त्यानं कधी विकत घेतली नाही, तिचं भाडं तो लावणार तरी कसं? पण याचा परिणाम असा होतो की गिऱ्हाईकाच्या डोक्यात डिझाईन फुकट असतं, हे पक्कं बसतं. मग तुम्ही लॅपटॉप उघडून थ्रीडी व्ह्यू दाखवलात तरी तो म्हणजे मंडपाबरोबर आलेला फ्री नमुना.

नाटकाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नांदेडला होते, लातूरलाही होते. नांदेडचं कुसुम सभागृह आणि लातूरचं दयानंद सभागृह ही नावं इथल्या नाटकवेड्यांना सांगायला नकोत. ‘वाटा-पळवाटा’ लिहिणारे दत्ता भगत नांदेडचेच. या स्पर्धेत नेपथ्याला वेगळं बक्षीस आहे, म्हणजे निदान इथं तरी सेट ही वेगळी कला आहे, असं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. पण नावातच ‘हौशी’ आहे ना! पैसे बहुतेक वेळा पोरं खिशातून घालतात. नेपथ्य करणारा दिवसा कुठंतरी शिकवतो, बँकेत बसतो किंवा साइनबोर्ड रंगवतो आणि रात्री तालमीच्या हॉलमध्ये फ्लॅट ठोकतो.

इथं पैसा शोधूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला मात्र यासारखी जागा नाही. दार आपटलं तर भिंत हलता कामा नये, लेव्हलवर चार जण नाचले तर करकर आवाज येता कामा नये, सगळा वाडा छोट्या टेम्पोत मावला पाहिजे आणि प्रयोगाच्या दिवशीच उभा राहिला पाहिजे. अहमदाबादच्या एनआयडीत प्रदर्शनाच्या डिझाईनचा किंवा पुण्याच्या एफटीआयआयमध्ये कलादिग्दर्शनाचा अभ्यास करणाऱ्यालाही हे शेवटी हातांनीच शिकावं लागतं.

आता पेन घ्या!

समजा, आपली डिझायनर नांदेडची आहे. कोर्स करून परत आलीय आणि एकटी राहते. तिचा महिन्याचा खर्च धरू १५,०००. हे सर्व्हेचे आकडे नाहीत हं, गणित कसं मांडायचं ते कळावं म्हणून घेतलेत. तुमच्या वहीत तुमचे आकडे टाका.

वर्षाचा राहण्याचा खर्च झाला १,८०,०००. धंद्याचा खर्च, म्हणजे सॉफ्टवेअर, इंटरनेट, पेट्रोल, सॅम्पल, लॅपटॉपची झीज, हे धरू वर्षाला ६०,०००. आरोग्य विमा आणि थोडी बचत मिळून आणखी ६०,०००. एकूण तीन लाख. वर्षात तिला २५ कामं मिळाली, तर प्रत्येक कामातून निव्वळ डिझाईनचे १२,००० रुपये सुटले पाहिजेत. सामान, सुतार, टेम्पो हे सगळं वेगळं. कामं १५ च मिळाली, तर हाच आकडा होतो २०,०००.

आता हीच मुलगी पुण्यात ठेवू. राहण्याचा खर्च धरू महिन्याला २८,०००. बाकी सगळं तेच. वर्षाची गरज ४,५६,०००. पंचवीस कामांत भागलं की कामामागे १८,२४०. म्हणजे नांदेडला राहिल्याचा फायदा प्रत्येक कामामागे ६,२४० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, थोड्या वेळानं तो गायब होणार आहे!

तीन लाख वर्षाला, म्हणजे महिन्याला २५,०००. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्यातले पाच हजार धंद्याचेच. उरले वीस. तुलनेसाठी, राज्यात शिक्षणसेवकांचं मानधन २०२३ मध्ये वाढलं, तेव्हा ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. म्हणजे आपली डिझायनर उच्च माध्यमिकच्या शिक्षणसेवकाच्या बरोबरीला आली. फरक एवढाच की शिक्षणसेवक तीन वर्षांनी वेतनश्रेणीत जातो, आणि आपल्या डिझायनरला तीन वर्षांनीही प्रत्येक लग्नघरात पहिल्यापासून घासाघीस करावी लागते.

अजून एक गणित, जरा टोचणारं. १२,००० चं काम १५ दिवसांत संपलं तर दिवसाला ८०० रुपये पडले. पण मामांना गुलाबी नको होता, आत्याला झोपाळा हवा होता, नवरदेवाला ऐनवेळी इन्स्टाग्रामवर दुसरंच काहीतरी आवडलं... आणि काम महिनाभर लांबलं. मग दिवसाला पडले ४००. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. चार वर्षांचं डिझाईन शिक्षण आणि रोहयो यांत उरला अंतर ८८ रुपयांचा!

‘तुला काय, घरचंच आहे!’

आता त्या ६,२४० चं काय होतं ते बघा. छोट्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात. तुमचे वडील कुठे नोकरीला होते, घर स्वतःचं आहे की भाड्याचं, शेतातून ज्वारी येते की नाही, सगळं क्लायंटला ठाऊक असतं. बैठकीत चहा येतो, ‘‘घरचंच कार्य आहे, ताई’’ होतं, आणि मग हळूच वाक्य पडतं, ‘‘तुला काय, भाडं नाही, डब्याचं टेन्शन नाही. करा की जरा ॲडजस्ट!’’

झालं! तुमच्या आईनं केलेल्या भाकरीचा डिस्काउंट क्लायंट घेऊन गेला. स्वस्त राहण्याचा जो फायदा तुमच्या खिशात पडायला हवा होता, तो त्याच्या बजेटमध्ये जमा झाला. पुण्याच्या डिझायनरला कुणी म्हणत नाही की तुझं भाडं किती ते सांग, मग फी ठरवू. इथं मात्र हा हिशेब उघडपणे होतो, आणि तोही आपुलकीनं. म्हणून तर नाही म्हणणं अवघड.

नांदेड-लातुरात पैसा नाही, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. एकेका लॉन्सवरची लायटिंग बघा, ड्रोन बघा, नवरीच्या एंट्रीला सोडलेला धूर बघा. पैसा आहे. तो दिसणाऱ्या वस्तूला मिळतो, कागदावरच्या रेघेला मिळत नाही. कमी पगार आणि कमी खर्च अशी साधी जोडी इथं नाहीच. खर्च कमी आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळेच फी कमी राहते!

ईएमआयला झेड सिटी कळत नाही

दुसरी गोम म्हणजे राहणं स्वस्त असलं तरी धंदा स्वस्त नाही. लॅपटॉपची किंमत लातुरात वेगळी नसते. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, मोबाइलचा डेटा, जीएसटी, सगळीकडे तेच. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तर बघतही नाही की तुम्ही वाय सिटीत राहता की झेड! बाहेरच्या महागड्या इन्स्टिट्यूटमधून शिकून परतणाऱ्यांचं गणित नेमकं इथंच कोलमडतं. वरच्या हिशेबात महिन्याला दहा हजारांचा हप्ता घाला. वर्षाला १,२०,०००. २५ कामांत वाटला तर कामामागे ४,८०० वाढले. १२,००० चे झाले १६,८००. पुण्याचा आकडा आता हाकेच्या अंतरावर!

सामानाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट डिझायनरच्या पथ्यावर पडली. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांपासून स्टेजच्या कमानींपर्यंत सगळ्यांचीच पंचाईत झाली. थर्माकोल हलकं, स्वस्त, आणि गरम तारेनं जागेवरच कापता येणारं. कारागीर उभ्या उभ्या मोर कोरायचा, ड्रॉइंग कशाला लागतंय? त्याच्या जागी कापड, बांबू, पुठ्ठा आला आणि मशीनवर कापलेलं एमडीएफ आलं. आता मशीनला मोर तोंडी सांगता येत नाही. तिला फाइल लागते, मापासकट. इथं पहिल्यांदा डिझाईन ही वेगळी, हातात देता येणारी वस्तू झाली. कटिंगवाला फुटावर पैसे घेतो, मग फाइल करणाऱ्यानं फाइलचे का घेऊ नयेत? सुरुवात करायची असेल तर मी याच दारानं आत शिरेन.

मुहूर्त, सोयाबीन आणि पाणी

पगारदार माणूस महिन्यावर जगतो, सेटवाला पंचांगावर. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाचे स्टेज थांबतात ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मध्ये गणपती आणि नवरात्र हात देतात, पण मंडळाचे पैसे येतात वर्गणीतून, आणि विसर्जन झालं की कार्यकर्त्यांचे फोन लागेनासे होतात! मग नाट्य स्पर्धा, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, आणि लगेच पुन्हा लग्नं. वर्षाला २५ कामं म्हणजे महिन्याला दोन, असं कुणी समजू नये. मे महिन्यात सहा येतील आणि श्रावणात शून्य. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच हा धंदा झोप लागू देतो.

शिवाय इथलं लग्नाचं बजेट सोयाबीनवर चालतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. आडतीवर प्रत्यक्षात काय भाव फुटला, यावर स्टेज वीस फुटांचं की चाळीस फुटांचं हे ठरतं. आणि पाऊसच नसेल तर? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या फेरीत आलं पाच लाख लिटर. अशा वर्षात टँकरचा आणि जारचा खर्च घरात वाढतो आणि त्याच वर्षी कामंही आटतात. खर्च वर, कमाई खाली, दोन्ही एकदम! नांदेडला गोदावरी आणि विष्णुपुरीचा आधार आहे, तरी गिऱ्हाईक शेवटी त्याच पावसावरचं.

मुंबई लांब, हैदराबाद जवळ

सेट म्हटलं की आपल्या पोरांना मुंबई दिसते. दिसणारच. दापोलीहून आलेले नितीन चंद्रकांत देसाई जे. जे.त शिकले, ‘लगान’ आणि ‘देवदास’चे सेट उभे केले, २००५ मध्ये कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ काढला. कुणाला भुरळ पडणार नाही? पण ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले तेव्हा स्टुडिओवरच्या कर्जाचा आकडा अडीचशे कोटींच्या घरात असल्याचंही सगळ्यांनी वाचलं. मोठा सेट उभा करणाऱ्याच्या डोक्यावर ओझंही मोठं असतं.

नकाशा उघडा आणि जरा खाली-उजवीकडे बघा. नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे! १९५६ पर्यंत नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर हैदराबाद राज्यातच होतं. आजी-आजोबांना हैदराबादचा बाजार मुंबईपेक्षा जवळचा होता. रामोजी फिल्म सिटी १९९६ पासून तिथं आहे, ‘बाहुबली’चं माहिष्मती तिथंच उभं राहिलं. हायटेक्ससारखं मोठं प्रदर्शन केंद्र आहे, तिथं एकेका प्रदर्शनात स्टॉलच्या रांगा लागतात आणि प्रत्येक स्टॉल कुणीतरी काढलेला असतो. हिंदी-दखनी कानावर असलेला नांदेडचा मुलगा तिथं परका वाटत नाही. राहायचं नांदेडला, कामाला जायचं हैदराबादला, रात्रीच्या गाडीनं परत. फी शहराची, खर्च वाय सिटीचा! दूरच्या कामात एक फायदा आणखी. तिथल्या क्लायंटला तुमच्या घरची ज्वारी माहीत नसते.

प्रदर्शनाचं काय?

एक्झिबिट डिझाईन हा या नावातला दुसरा अर्धा भाग, आणि त्याकडे कुणी बघतच नाही. वास्तविक कामं कमी नाहीत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराशेजारी कृषी प्रदर्शन भरतं. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत गर्दी उसळते. नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीचा ३०० वा सोहळा झाला, उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अशा वेळी प्रवेशद्वार, दालनं, फलक, माणसं कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार, हे सगळं काढावं लागतं. माहूरला आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला सरकारी वस्तुसंग्रहालयं आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली सातवाहन काळातली खेळणी आणि मूर्ती बघितल्यात का? त्या कशा ठेवायच्या, कुठून लाइट मारायचा, चौथीतल्या मुलाला वाचता येईल असा फलक कसा लिहायचा, हे पूर्ण वेळाचं काम आहे.

अडचण आहे ती दाराशी. सरकारी काम टेंडरनं जातं. टेंडरला अनामत रक्कम लागते, मागच्या वर्षांची उलाढाल लागते, अनुभवाचं प्रमाणपत्र लागतं. महिन्याला वीस हजारांवर जगणाऱ्या मुलीकडे यातलं काय असणार? त्यामुळे काम मोठ्या कंपनीकडे जातं आणि स्थानिक डिझायनर दिसला तर दिसतो त्या कंपनीचा सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणून, पेमेंटच्या रांगेत सगळ्यात शेवटी. इथं एक सरकारी कागद कामाला येतो, तो म्हणजे उद्यम नोंदणी. २०२० पासून ती ऑनलाइन आणि फुकट होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असेल, तर घेणाऱ्या कंपनीनं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं. लग्नघराला हे दाखवून उपयोग नाही, पण इव्हेंट कंपनीला मेलमध्ये सौम्य शब्दांत आठवण करून देता येते.

बिल कसं लिहाल?

सगळ्यात आधी डिझाईन फी ही वेगळी ओळ. सामान आणि मजुरीच्या वर, बिलात पहिली. त्यात किती व्ह्यू आणि किती वेळा बदल ते लिहा, आणि त्यापुढच्या प्रत्येक बदलाचा दर आधीच टाका. मामांचा गुलाबी रंग तिथंच निम्मा उडतो! सामान तुम्ही पुरवणार असाल तर त्याचं बिल शक्यतो वेगळं करा. कंपनी तुमच्या डिझाईन फीवर व्यावसायिक म्हणून १० टक्के टीडीएस कापेल, एकट्या माणसाच्या कंत्राटावर १ टक्का. सगळं एकत्र लिहिलंत तर सुताराच्या पैशातूनही १० टक्के कापून जायचे, आणि ते परत मिळवायला रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवेसाठी जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही, पण सामानही तुमच्याच बिलातून गेलं तर ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. ॲडव्हान्स ड्रॉइंग दाखवण्याआधी घ्या, कारण ड्रॉइंगचा मोबाइलवर फोटो काढला की ते शेजारच्या मंडपवाल्याकडे पोचायला दहा मिनिटं लागतात. आणि रेट कार्ड दिवाळीतच छापून ठेवा. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, तेव्हा आकडा ठरवत बसायला वेळ नसतो.